माझ्या अंगात आलेलं वारं

देवीवर माझी फार श्रद्धा होती म्हणून मी वाचले, असं आता आमच्या गल्लीत सगळे सांगतात. खरं सांगायचं तर त्या नवरात्रात मी वज्रेश्वरीला निघाले ती श्रद्धेने नव्हे, चिडून निघाले होते. साठी उलटली होती, दम्याने छातीचा पार चोथा केला होता, आणि देवीसमोर उभं राहून एकदा तिला विचारायचं होतं की बाई, तुला माझा श्वासच का खुपतो? जन्मभर तुझी ओटी भरली, शुक्रवार कधी मोडला नाही, आणि तुझी आरती म्हणायला घेतली की दुसऱ्या ओळीलाच मला धाप लागते. अशा देवीला हात जोडावेत की तिच्याशी भांडावं, तेच मला कळेनासं झालं होतं.

आमचं घर भिवंडीत, खाली लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, आणि वर माणसं. नवऱ्याने लूम टाकले तेव्हा अख्ख्या भावकीत आमची मान ताठ झाली होती. तो गेल्यावर कारभार मुलाकडे आला. माझी खाट लाकडी माळ्यावर, बरोबर लूमच्या डोक्यावर. फळ्यांच्या फटींतून सुताची बारीक लव वर यायची, सकाळी उशी झटकली की पांढरं पांढरं उडायचं. गच्चीवर एक चांगली हवेशीर खोली होती, पण तिथे कापडाचे तागे रचलेले असत. मी मुलाला किती वर्षं म्हणत होते, बाबा, माझी खाट वर हलव आणि तागे खाली आण. तो म्हणायचा, "आई, खाली तेलाचं डाग पडतील ना ताग्यांना. आनि तुझं आता वय झालं. दम तर लागनारच." डाग पडू नयेत म्हणून कापड हवेशीर खोलीत, आणि आई लूमवर. घरात कुणाला काय जपायचं हे अगदी स्पष्ट होतं.

ठाण्याच्या छातीच्या डॉक्टरांनी मला एका नळीत जोरात फुंकायला लावलं होतं. नळीतला काटा जेमतेम हलला आणि तिथेच थांबला. मला वाटलं, हेही म्हणणार वय झालं. पण ते म्हणाले, "आजी, हे वयाचं नाही. वयाने श्वास थोडा कमी होतो, पण तुमच्या श्वासाच्या नळ्या आतून सुजल्या आहेत. सूज उतरली की पुष्कळ आराम पडेल." त्यांनी दोन पंप दिले. एक सूज उतरवण्याचा, बरं वाटत असलं तरी रोज ओढायचा. दुसरा छाती आवळली की लगेच आराम देणारा. आणि लूमपासून लांब झोपायला सांगितलं. मुलगा शेजारीच बसून ऐकत होता. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "डाक्टर लोक बोलतातच." गल्लीतल्या बायकांनी बजावलं, पंपाची सवय लागते, एकदा तोंडाला लागला की मरेपर्यंत सुटत नाही. म्हणून रोजचा पंप तसाच पडून राहिला, आणि दुसरा मी पदराआड चोरून ओढायची, विडी ओढल्यासारखा.

त्यात नवरात्र आलं. गल्लीतल्या बायकांनी वज्रेश्वरीचा बेत केला आणि त्या दिवशी निर्जळी उपास धरायचं ठरवलं. पंपाने उपास मोडतो का, यावर घरातून पाऊल काढेपर्यंत चर्चा झाली. तोंडावाटे आत जातं ते सगळं खाणंच, असा निकाल लागला. मीही हट्टाला पेटले होते. पंप देव्हाऱ्यात ठेवून आले. देवीला दाखवायचं होतं की बघ, मी आता तुझ्याच भरवशावर आहे, काय करायचं ते कर.

पायऱ्या चढून दर्शन घेतलं तेव्हा विचारायचं ते सगळं विसरले, बोलण्यापुरतासुद्धा श्वास उरला नव्हता. उतरून आम्ही गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो. अंघोळ झाली, केस मोकळे सोडले, आणि पाण्याच्या त्या वाफेने, गंधकाच्या त्या वासाने माझी छाती एकदम आवळली. मी काठावर बसले, हात जमिनीला टेकले. खांदे वरखाली व्हायला लागले, मान हलायला लागली, गळ्यातून शीळ निघायला लागली. तेवढ्यात आमच्यातली एक ओरडली, "अगो, वारं आलं! हिच्या अंगात आईचं वारं आलं!"

आमच्याकडे देवी अंगात येते त्याला वारं येणं म्हणतात, आणि जिच्या अंगात येते तिला देवीचं झाड. मी घोटभर वाऱ्यासाठी तडफडत होते आणि या बायका हात जोडून माझ्याभोवती कडं करून उभ्या राहिल्या. होती नव्हती तेवढी हवाही अडली. एकीने कपाळभर कुंकू फासलं, ते नाकात गेलं. दुसरीने धूप पेटवून तोंडासमोर धरला. तिसरी पाया पडून विचारायला लागली, "आई, माझ्या सुनेला पोर कवा व्हनार?" मी पंप मागत होते, पण "प... प..." याच्यापुढे शब्द जाईना. "पातळ! आईला पातळ पायजे!" असं म्हणून कुणीतरी माझ्या अंगावर नवंकोरं, खळीचं पातळ घातलं. माझा जीव चालला होता आणि माझी पूजा चालली होती. वीस-वीस वर्षांपासूनच्या शेजारणी, रोज माझा खोकला ऐकणाऱ्या, पण एकीलाही वाटलं नाही की हिला दमा आहे.

डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा एक आवाज ऐकू आला. "हटा गो सगळ्या! हिच्या अंगात कोन न्हाय आला. हिचा दम कोंडलाय. माझा पन असाच वाजतो." माझ्याच वयाची एक मुसलमान बाई, गुडघे शेकायला कुंडावर आलेली, ओल्या लुगड्याने बायकांना ढकलत आत शिरली. तिने आधी धुपावर तांब्याभर पाणी ओतलं. मग कनवटीच्या पिशवीतून पंप काढला. तो पाहून मी मान फिरवली, इतकी वेडी होते मी. तिच्या लक्षात आलं. "उपास हाय काय? आमचा अल्ला आजारी मानसाला रोजा माफ करतो. तुझी देवी काय तुझी सासू हाय?"

आणि तिने पंप माझ्या दातांत घातला. तिच्या तोंडचा, उष्टा, मशेरीचा वास येणारा. "ओढ," ती म्हणाली. "धर आत. आता सोड." पुन्हा एकदा. हळूहळू छातीची गाठ सुटली आणि वारा आत आला, खरा वारा. देवळात मिळालं नव्हतं ते तीर्थ मला त्या पायरीवर मिळालं, असं मी तेव्हाही समजले आणि आजही समजते.

ती पाठीवरून हात फिरवत बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "घराखाली लूम हायत ना?" मी मान हलवली. "आमच्या पन. घरच्यांना सांगून बघितलं काय?" मी पुन्हा मान हलवली. ती हसली, पण ते हसू कडूच होतं. "लूमचा आवाज मोठा ना. त्यांना ऐकू येत न्हाय." तेवढ्यात तिच्या माणसांची हाक आली आणि ती गुडघ्यांवर हात टेकत निघून गेली.

परतताना एसटीत आमच्या बायका हळहळत होत्या. देवी बोलणार होती, तेवढ्यात त्या मुसलमानिणीने वारं घालवलं, सगळं बाटवलं. माझा श्वास परत आल्याचं इतक्या जणींना इतकं दुःख होईल असं मला वाटलं नव्हतं. घरी पोचण्याआधीच बातमी पोचली. कित्येक वर्षांनी मुलगा माझ्या पाया पडला आणि कानाशी म्हणाला, त्या बाईचं कुठं बोलू नको. मी म्हटलं, अरे, मला दमा आहे. तो म्हणाला, देवीला असं बोलू नये.

त्यानंतर दर शुक्रवारी माळ्यावर बायका यायला लागल्या, नारळ, कुंकू, प्रश्न घेऊन. मी दरवेळी सांगायची, अगं, काही नाही आलेलं अंगात, दमा आहे. त्या समजून घेतल्यासारखं हसायच्या. एका शुक्रवारी त्यांनी धूप पेटवला, खालून लव येतच होती, आणि माझी छाती पुन्हा आवळली. यावेळी मात्र भीतीच्या आधी राग आला. इतक्या वर्षांचा राग. केस सुटले, मान हलायला लागली, आणि होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून मी किंचाळले, "माझी खाट वर हलवा! या लूमवरून हलवा मला!"

कुणीतरी खाली धावलं. लूम बंद पडले, वीज असताना. मुलगा वर आला, हात जोडून, भेदरलेला. माझ्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "आई, चुकलो. माफ कर. तुझं झाड आजच वर हलवतो."

मी कितीदा म्हटले होते तेच शब्द, त्याच तोंडून, त्याच मुलाला. आई हाकसुद्धा तीच. फक्त ती मला नव्हती. पदराआडचा पंप काढून मी त्याच्यासमोरच ओढला, तर त्यालाही त्याने नमस्कार केला.

संध्याकाळपर्यंत तागे खाली आले आणि मी वर गेले. आता रोजचा पंप न चुकता ओढते, ठाण्याच्या नळीतला काटाही वर सरकला आहे. त्या दिवशी ओरडले ती मी की देवी, हे मी शोधत बसत नाही. पूर्वी देवीला मी अटी घालत होते, अशीच धाव, याच हाताने दे. आता ज्या हाताने देईल त्या हाताने घेते. ती मुसलमान बाई कुठे असेल तिथे तिला मोकळा श्वास मिळो, तिचंही कुणी ऐको. मुलावरही राग धरत नाही. त्याने ती खोली देवीला दिली आहे. मी तिथे देवीची पाहुणी म्हणून राहते आणि रोज सकाळी खिडकी उघडून तिचे आभार मानते, की बाई, तू आलीस म्हणून माझ्याच घरात मला जागा मिळाली.