मास्तरांचा हुंदका

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ते काचा घासत, आणि कडेला केसभर उंचवटा राहिला तरी ती काच पुन्हा चाकावर धरत. मास्तर ही पदवी त्यांना मिळाली ती पेडल स्टील गिटारमुळे.

ही गिटार गळ्यात अडकवायची नसते. चार पायांवर उभं केलेलं एक अरुंद टेबल, त्यावर दहा तारा आणि समोर खुर्ची, असा तो संसार. उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या हातात तारांवरून फिरवायची पोलादी कांडी, पायाखाली पेडलांची रांग आणि गुडघ्यांनी ढकलायचे दांडे. पेडल दाबलं की एखादी तार ताणली जाते, तिचा सूर चढतो आणि बाजा कंठ फुटल्यासारखा गायला लागतो. मास्तरांच्या बायकोचं म्हणणं असं, की या वाद्यात माणसाचे हात, पाय, गुडघे सगळे गुंतून पडतात, मोकळं राहतं ते फक्त तोंड, म्हणून ही माणसं इतकं बोलतात.

बोलत मात्र खरोखरच फार. रविवारी दुपारी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यावर, माडीवरच्या खोलीत स्टीलवाल्यांचं मंडळ जमायचं. वाजवणं थोडं आणि कुणाचा बाजा कुठल्या कारखान्याचा यावर खल जास्त. त्यातही शेवटचा शब्द डॉक्टरांचा. त्यांच्याकडे बगळा छाप गिटारी दोन होत्या आणि दोन्ही ते सारख्याच वाईट वाजवत. बगळा छापचा कारखाना केव्हाच बंद पडला होता, त्यामुळे त्याची कीर्ती निर्धास्त वाढत होती. पुढच्या फळीवर एका पायावर उभा असलेला पितळेचा बगळा दिसला की डॉक्टर आधी मान डोलवत आणि मग ऐकत. ज्यावर बगळा नाही त्या बाजाला ते स्टुलाला लावलेल्या तारा म्हणत.

या कीर्तीचं मूळ मास्तर होते. गावात पहिला बगळा त्यांनीच आणला, ऐन तरुणपणी, पोटाला चिमटा घेऊन. मास्तरांच्या वादनात एक हुंदका होता. सूर पेडलावर चढता चढता जरा खाली कलायचा आणि लगेच सावरून जागेवर यायचा. तो हुंदका ऐकून एकेकाने बगळे विकत घेतले. कुणाच्याच बाजातून तो निघाला नाही. निघायचा तो बेसूरच. पण नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण सगळ्यांना पाठ होती, त्यामुळे अंगण खरंच वाकडं असेल अशी शंका कुणालाही आली नाही. जो तो आपल्या हाताला दोष देत राहिला.

अंगण वाकडं होतं हे एकट्या मास्तरांना ठाऊक होतं. बगळ्याचं पेडल दाबलं की जी तार चढायची ती चढे, पण त्या ताणाने बाजाचं अंगच किंचित वाके आणि बाकीच्या तारा केसभर उतरत. बाजा घरी आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे त्यांच्या कानाला कळलं. पण तोवर अर्धं गाव येऊन बगळा बघून गेलं होतं आणि सासरेबुवांनी तर जावयाच्या निवडीचं चारचौघांत कौतुक केलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मास्तरांनी मूठ झाकली आणि पेडल दाबलं की डाव्या हातातली कांडी केसभर पुढे सरकवायची सवय लावून घेतली. पाय दाबायचा, सूर कलायचा, हात धावून जायचा. लोक त्याला हुंदका म्हणत. मास्तर मनातल्या मनात त्याला ठिगळ म्हणत.

आता धाकटीबद्दल. धाकटी म्हणजे मास्तरांची मेहुणी. वडिलांच्या मागे लेथचं वर्कशॉप तीच चालवायची. पंपाचे दांडे, फाटकांच्या बिजागऱ्या, जे येईल ते. नम्रपणा तिच्या गावीही नव्हता. कुणाच्याही घरी गेली की आधी दार उघडझाप करून बघायची आणि ते करकरलं तर बिजागरी माझी नाही म्हणून मोकळी व्हायची. एकदा जेवताना मास्तर सहज बोलून गेले, की बगळ्यासारखा बाजा आता होणे नाही. घास गिळता गिळता त्यांनी ते म्हटलं होतं, त्यात अर्थ काहीच नव्हता. पण धाकटीने ते मनावर घेतलं आणि बिजागऱ्यांमधून वेळ काढून एक अख्खी पेडल स्टील गिटार उभी केली.

ती गिटार बघायला मास्तर वर्कशॉपमध्ये गेले ते चेष्टा करायच्या तयारीने. बरोबर सूर मोजायचं काटेवालं यंत्र नेलं होतं. त्यांनी पेडल दाबलं, उरलेल्या तारा एकेक करून छेडल्या. काटा हलला नाही. दुसरं पेडल दाबलं, दोन्ही मिळून दाबली, गुडघ्याचे दांडे ढकलले. काटा जागचा हलेना. मास्तरांना इतका आनंद झाला की ते पुन्हा पुन्हा तेच करत बसले. उभा जन्म ज्या केसाशी झुंजण्यात गेला तो केस या बाजात नव्हताच.

धाकटीला मात्र कौतुकावर भागवायचं नव्हतं. मंडळाने हा बाजा मानला तर तिला मागण्या येणार होत्या आणि बिजागऱ्यांमधून सुटका होणार होती. नाही मानला तर एवढा खटाटोप पाण्यात. आणि डॉक्टर बगळ्याशिवाय कान उघडणार नाहीत हे उघड होतं. तेव्हा मेहुणीने डोळे बारीक केले आणि भाऊजींनी ते ओळखले. मास्तरांनी आपल्या बाजावरचा पितळी बगळा काढून तिच्या बाजावर बसवायचा, रविवारी तो वाजवायचा, डॉक्टरांना पोटभर स्तुती करू द्यायची आणि मग सगळ्यांदेखत चष्म्याच्या स्क्रू-ड्रायव्हरने बगळा उडवून लावायचा. बायकोने दोघांना सांगून पाहिलं, की या वयात असले उद्योग शोभत नाहीत. तिचं कुणी ऐकलं नाही. डॉक्टरांचं तोंड कसं होईल याची नक्कल करण्यातच दोघं रंगली होती.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. मास्तरांनी बाजा तपासला होता, पण त्यावर एक सबंध चीज वाजवून पाहिली नव्हती. काटा हलत नाही म्हटल्यावर आणखी काय बघायचं? हात तर आपलाच आहे, असं त्यांना वाटलं.

रविवारी माडी भरली होती. बायको आणि धाकटी तिसऱ्या ओळीत बसल्या. मास्तरांनी पेडलाला न शिवता सुरुवात केली, नुसत्या कांडीवर, आणि डॉक्टरांनी डोळे मिटले. बगळा बघूनच मिटले असावेत. मग पहिलं पेडल आलं. पाय खाली गेला, सूर चढला आणि जिथे चढायचा तिथे नेमका जाऊन बसला. पण मास्तरांचा हात काही बसून राहिला नाही. तो सवयीने केसभर पुढे धावला आणि सगळा सूर वर निसटला. मास्तर चपापले. पुढच्या पेडलाला त्यांनी हाताला दम दिला, तर तो मागेच राहिला. त्याच्या पुढच्याला पुन्हा धावला. डोकं सांगत होतं एक आणि हात करत होता दुसरंच. ओळखीची चीज त्यांच्या बोटांखाली अनोळखी होत गेली. कसेबसे ते शेवटापर्यंत पोचले तेव्हा मान वर करायची त्यांना लाज वाटत होती.

टाळ्या झाल्या, पण आजाऱ्याच्या खोलीत वाजवाव्यात तशा. कुणीतरी पाणी आणलं. कुणीतरी पाठीची खुर्ची पुढे केली. डॉक्टर उठले, त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जड आवाजात मंडळाला सांगितलं, की बाजा बोलतोय, त्यात शंकाच नाही, पण हात थकला. शेवटी वय कुणाला चुकलंय? विश्रांती घ्यायला हवी.

तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं, की ही खोडी आपल्याच अंगाशी आली आहे. फळीवर बगळा होता, म्हणून दोष बाजाचा असूच शकत नव्हता. उरले ते एकटेच. स्क्रू-ड्रायव्हर खिशात होता. आत्ता बगळा काढला आणि हा बाजा लेथवर झालाय म्हटलं, की डॉक्टर 'तरीच!' म्हणणार, सगळी माडी 'तरीच!' म्हणणार आणि मास्तर जसेच्या तसे मास्तर राहणार. फक्त धाकटी जन्मभर बिजागऱ्या करत बसणार.

मास्तरांनी तिसऱ्या ओळीकडे बघितलं. एरवी जिच्या तोंडाला कुलूप नाही ती धाकटी ओठ घट्ट मिटून बसली होती. तिलाही सगळं कळलं होतं. मास्तरांना मोह झाला नाही असं नाही. भरपूर झाला. मास्तर म्हणवून घ्यायची त्यांना फार गोडी होती आणि हातात दुसरं काहीच नव्हतं.

"डॉक्टर म्हणतात ते खरं आहे," ते म्हणाले. "बाजात खोट नाही. खोट माझ्या हातात आहे."

माडीवर हळहळीचा आवाज झाला. मास्तरांनी बोटांतल्या नख्या काढल्या आणि मेहुणीला हाक मारली. "धाकटे, ये. तू वाजव."

धाकटीला सबंध अशी एकच चाल येत होती, तीही बाजा तपासण्यापुरती, लहान मूल निजवतात तसली. ती आली, बसली आणि ती चाल तिने सावकाश वाजवली. हाताला वळण नव्हतं, बोटं ओबडधोबड होती. पण तिने पेडल दाबलं की सूर चढायचा आणि जिथे सांगितलं तिथे उभा राहायचा, ना वर ना खाली. तिचा हात कुठेच धावत नव्हता, कारण त्याला कधी धावावंच लागलं नव्हतं.

"बघा," डॉक्टर म्हणाले. "बगळा तो बगळा. शिकाऊ माणसाच्या हातातसुद्धा."

मास्तर वाकले आणि त्यांनी स्क्रू फिरवायला घेतले. पितळी बगळा सुटून त्यांच्या तळहातात आला आणि मागे राहिली नुसती लाकडाची फळी. हा बाजा कुणी, कुठे आणि बिजागऱ्या सांभाळून कसा केला ते त्यांनी थोडक्यात सांगितलं. डॉक्टरांचं तोंड घरी केलेल्या नकलेपेक्षा पुष्कळ चांगलं झालं. पण गडी वस्ताद. घटकाभराने ते म्हणाले, की बाजाचे पाय बघूनच मला शंका आली होती. आणि सगळ्यांच्या आधी मागणी नोंदवली ती त्यांनीच.

धाकटीचं नशीब उघडलं. मास्तरांचं मात्र व्हायचं तेच झालं. हातात खोट आहे हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, ते आता मागे कसं घेणार? पुढच्या बैठकीत मंडळाने त्यांचा सत्कार केला, एक घड्याळ दिलं आणि आता निवांत ऐका म्हणून पुढच्या खुर्चीवर बसवलं. बायकोने घड्याळ कपाटावर ठेवलं आणि नवऱ्याला सुनावलं, की मी सांगत होते. मग स्वयंपाकघरात जाऊन एकटीच डोळे पुसून आली.

काही आठवड्यांनी धाकटी तणतणत घरी आली. डॉक्टरांचा बाजा तयार होत आला होता आणि आता त्यांनी नवंच काढलं होतं, की यात मास्तरांचा हुंदका बसवून मिळेल ना? बाकीचेही तेच विचारू लागले होते.

"भाऊजी, तो येतो कुठून ते तरी सांगा. मी बाजा करते, भूत नाही बसवत."

मास्तरांनी आपला बगळा छाप बाजा सतरंजीवर उलटा केला आणि हाताने पेडल ओढून तिला बाजाचं वाकणारं अंग दाखवलं. आजवर त्यांनी ते कुणालाच दाखवलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. धाकटीने आत डोकं घातलं, बोट फिरवलं आणि ती हसायलाच लागली.

"अहो, याच्या पोटात एक आडवी पट्टी द्यायची राहिलीय. एवढंच. ताई चहा ठेवतेय तोवर लावून देते. सरळ होईल."

ती पिशवीतून पाना काढायला लागली. मास्तरांनी तिचा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "तो सरळ झाला तर वाकडा मी एकटाच उरेन."

धाकटीने पाना पिशवीत परत टाकला. तिने हात लावून बाजा सुलटा करून दिला. मास्तरांनी खुर्ची ओढली, नख्या चढवल्या आणि तीच चीज सुरू केली, माडीवर हातातून गेलेली. पेडल खाली गेलं, बाजा वाकला, सूर कलला. त्यांचा हात केसभर पुढे धावला आणि सूर जिथे यायला हवा होता तिथेच आला. बायको चहाचे कप घेऊन दारातच थांबली.