गोटीराम मिस्त्रीचं गार इंजन

गोटीराम मिस्त्रीच्या अंबॅसेडरचा काटा कधी वर चढायचाच नाही, आणि त्याला त्याचा केवढा गर्व! काटा म्हणजे इंजिनातलं पाणी किती तापलं ते दाखवणारा. पनवेलचं भाडं सोडून आला की त्याच्यावर बोट ठेवून म्हणायचा, "बघा पुढारी, हलला काय? इंजन कसं, माठासारखं गार!"

पुढारी म्हणजे मी. चिडवायलाच म्हणायचा. मी सातवी नापास, पण जमिनीच्या आंदोलनाची पत्रकं आमच्या गावात मीच लिहायचो आणि सरकारी साहेबांच्या टेबलावर मूठही मीच आपटायचो. गोटीरामदादा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. उरणजवळच्या आमच्या गावात गाडी एकच, त्याची.

तो मूळचा मिठागरातला. पुढे मोऱ्याच्या बंदरात मचव्यांची इंजिनं दुरुस्त करायला लागला. मचव्याचं इंजिन खाडीच्या पाण्यावर गार राहतं. पाणी आत घ्यायचं, इंजिनाभोवती फिरवायचं, बाहेर टाकायचं. इंजिन तापलं की भर समुद्रात माणसं अडकली. वीस वर्षं त्याला एकच वैरी माहीत होता, उष्णता.

ही गाडी त्याने भाड्याच्या धंद्यासाठी घेतली असं लोक म्हणायचे. खरं कारण त्याची लेक पुतळा. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. पौषातली पहाट, कळा सुरू झाल्या, गावात वाहन नाही. शेवटी विटांचा टेम्पो मिळाला. पनवेलला पोचेपर्यंत बाळ वाटेतच झालं आणि गार पडलं. गोटीराम दोन महिन्यांनी जुनी अंबॅसेडर घेऊन आला.

आता पुतळा दुसऱ्यांदा माहेरी आली होती. पंच्याऐंशी साल, पुन्हा पौष. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, कळ आली की तासाभरात इथे आणा, घरी बसू नका. आणि नेमकी त्याच आठवड्यात गाडी रुसली.

सकाळी मिठागरावरून झोंबणारा वारा यायचा. चोक ओढून जास्तीचं पेट्रोल दिलं की गाडी चालू व्हायची. चोक आत ढकलला की खोकायची, गचके खायची, बंद. पुन्हा सेल्फ, पुन्हा गचके. फाटा येईपर्यंत तीन-तीनदा बंद पडायची. एकदा बंद पडली की दहा मिनिटं दाद द्यायची नाही.

गोटीरामने प्लग बदलले. पॉइंट घासले. कार्बोरेटर खोलून चटईवर मांडला आणि पुतळाच्या पायांचा आवाज आला की दचकून वर बघायचा. मी ठरवून टाकलं, पेट्रोलमध्ये रॉकेल आहे. पंपावर जाऊन त्या माणसाची गचांडी धरली. त्याने शांतपणे बाटलीत पेट्रोल काढून मला हुंगायला दिलं. पेट्रोल चोख होतं. माफी न मागताच परत आलो.

"काय, पुढारी, मिटला काय पेट्रोलचा प्रश्न?" गोटीरामने विचारलं. पण त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. डोळे लाल झाले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या ओटीवर बसलो होतो. अंगणात त्याच्या बायकोने, विमलबाईने, पुतळाच्या आंघोळीसाठी बंब पेटवला होता. गोटीरामला काही ना काही करत राहायचं होतं. तोटीखाली कळशी लावायचा, हात घालून बघायचा, पाणी कोमट. मग घाईघाईने आणखी एक कळशी गार पाणी वरून ओतायचा.

विमलबाई तडकली. "आवो, सारखं गार पानी ओततांव वरून, तो बंब तापंल कवा? जरा त्याला आपला आपन राहू दे ना! तोटी बंद करा नि बसा गुमान!"

गोटीराम कळशी हातात घेऊन उभाच राहिला. पाणी त्याच्या पायावर सांडत होतं. मग कळशी तिथेच टाकून तो गाडीकडे धावला.

त्याने बॉनेट उघडलं, मला सेल्फ मारायला लावला आणि इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या रबरी पाइपावर पंजा ठेवला.

"पुढारी, इकडे ये. हात लाव."

लावला. पाइप हळूहळू कोमट होत होता.

"होतोय की गरम," मी म्हणालो.

"तोच घोटाला! आता चालू झाली, आता हा पाइप गारच पायजे. आधी इंजनातलं पानी इंजनातच तापायला पायजे. मंग दार उघडतं नि पानी रेडिएटरला जातं. आपलं दार उघडंच हाय. तापलं जरा की चाललं बाहेर, गार होऊन परत आत. थंड इंजन पेट्रोल नीट जालत नाय, म्हनून बंद पडतं."

"मग दार लावून टाक."

त्याने पाना घेतला, तीन नट काढले, पाइप इंजिनाला जोडणारी वरची कोपरी उचलली. खाली नुसतं भोक. दार नव्हतंच. दार म्हणजे पितळेची बशीएवढीही नसलेली झडप. मिस्त्री लोक तिला वॉल म्हणतात.

"कोणी काढला?" मी ओरडलो. "नाव सांग, त्याला आत्ता..."

"मीच," गोटीराम म्हणाला. "वैशाखात. कलंबोलीला गाडी तापली तवा. सगलेच काढतात, आपल्या हवेत कशाला पायजे म्हनून." त्या भोकावर अंगठा ठेवून म्हणाला, "खाडीत फेकला मी तो. वर शिवी घातली."

नवीन वॉल मुंबईत मिळणार होता. मोऱ्याहून लाँच धरायची, संध्याकाळी परत. मी चपला घातल्या. तेवढ्यात आतून विमलबाईची हाक आली. कळ सुरू झाली होती.

गोटीरामने पाना उचलला. कोपरी परत बसवताना त्याच्या हातातून नट दोनदा निसटला. "पुठ्ठा आन," तो म्हणाला. "मोठा. रेडिएटरच्या तोंडावर बांधू. वारा लागला नाय तर तापंल."

माझ्या घरी मोर्चाचे फलक पडलेच होते. एक जाड बघून आणला. माझ्याच अक्षरात लिहिलेला, 'जमीन आमची, भाव तुमचा? चालणार नाही!' गोटीराम म्हणाला, अक्षरं आत कर. मी म्हणालो, का म्हणून? चोरी केली आहे? वाद घालायला त्याला वेळ नव्हता. जाळ्याच्या दोऱ्याने फलक जाळीवर आवळला, अक्षरं बाहेर.

मागे विमलबाईच्या मांडीवर पुतळाचं डोकं. गोटीराम चोक जरासा ओढून चालवत होता. एक डोळा रस्त्यावर, एक काट्यावर. गावाबाहेर गाडी खोकली. पुतळा कण्हली. "चल गं बाय," तो पुटपुटला, लेकीला की गाडीला, कुणास ठाऊक. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काटा थरथरला. कणाकणाने वर सरकू लागला.

फाट्यावर पोलिसांनी अडवलं. माझा फलक वाचूनच.

"इंजिन बंद करा. खाली उतरा. कुणाचं हे?"

गाडी बंद केली आणि पुन्हा चालू झाली नाही तर? चूक माझ्या अक्षरांची. गोटीरामने काट्याकडे पाहिलं. काटा मध्यावर टेकला होता. त्याने चोक पूर्ण आत ढकलला, क्षणभर डोळे मिटले आणि चावी फिरवली. इंजिन बंद.

"लिहिलंय मी, साहेब," मी खाली उतरून म्हणालो. "मला ठेवा इथे. गाडी जाऊ द्या."

हवालदाराने मागे वाकून पाहिलं. पुतळाने विमलबाईचा पदर दातांत धरला होता. "अरे, मग बोलत का नाही? निघा, निघा! तुम्हीपण बसा, फलकवाले!"

गोटीरामने सेल्फ मारला. पहिल्याच फटक्यात इंजिन घुमलं. गचका नाही, खोकला नाही. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, तो पुसायचंही त्याला सुचलं नाही.

पनवेलला तो दवाखान्यात शिरलाच नाही. बाहेर गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिला. दोन तासांनी मी धावत खाली आलो.

"दादा, मुलगी झाली! दोघी बऱ्या आहेत."

तो हसला नाही. माझ्या मनगटाला घट्ट धरून म्हणाला, "तू हात लावलास तिला?"

"लावला."

"गरम हाय?"

"गरम आहे, दादा. चांगली गरम."

तेव्हा कुठे त्याने बॉनेटवरचा हात उचलला.