पेन्सिलीचं टोक

आपला मजकूर कॉम्प्युटरच्या डिस्कवर उतरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मी चार ओळी बदलल्या होत्या. ऑफिसातल्या सुमेधाताई त्या तपासायला बसल्या. ओळीओळीवर पेन्सिलीचं टोक टेकवून त्या एकच प्रश्न विचारत होत्या, "इथे वीज गेली तर?"

तिसऱ्या ओळीवर चूक सापडली. तिथे वीज गेली असती, तर नवा मजकूर पोचला नसता आणि जुनाही पुसला गेला असता.

"माणूस नवं पुन्हा लिहील," ताई म्हणाल्या. "जुनं कुठून आणेल?"

आपण सेव्ह दाबून निर्धास्त उठतो. मजकूर तेव्हा कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीतच असतो, डिस्कवर पोचायचा असतो. त्या मधल्या क्षणांसाठी ताईंनी अख्खी सकाळ घातली, कधीच न भेटणाऱ्या माणसांकरता.

हे टिपणही मी आत्ता सेव्ह केलं आणि उठलो, त्या पेन्सिलीच्या भरवशावर.