पुढच्या जूनमध्ये नॉर्वे

माझ्या दादाचं नॉर्वेला जायचं राहून गेलं आणि ते माझ्यामुळे राहिलं. लोक म्हणतात, नशिबात नव्हतं. नशिबावर ढकलणं सोपं असतं. मला ते जमत नाही.

दादाचा अकोल्याबाहेर हायवेला लागून फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. तीस वर्षं त्यानं स्वतःच्या टेम्पोत फुलं भरून बाजारात नेली. फुलांचा बाजार उजाडायच्या आत भरतो, त्यामुळे त्याचं सगळं ड्रायव्हिंग अंधारात झालं. पुढे रस्ता चौपदरी झाला, मळ्याची एक पट्टी त्यात गेली आणि मोबदला आला. त्याच सुमारास त्यानं मोबाइलवर कुणा म्हाताऱ्या जोडप्याचा व्हिडिओ पाहिला. गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी, दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर, आणि घड्याळात रात्रीचे अकरा वाजलेले असताना बाहेर लख्ख ऊन. तो व्हिडिओ त्यानं मला सात-आठ वेळा दाखवला.

“जूनमदी तिथं अंधारच पडत नाई म्हणते,” तो म्हणाला. “रस्त्यानं देल्लेला पैसा रस्त्यावरच घालवतो मी. येशीन का संगं?”

वहिनीला विचारायचा प्रश्नच नव्हता. तिला अकोल्याहून मूर्तिजापूरपर्यंत गेलं तरी गाडी लागते. मी अमरावतीला एका कॉलेजात ग्रंथपाल, एकटी, उन्हाळ्यात रजा मिळणारी. मी हो म्हटलं.

दिवाळीनंतर दर शनिवारी मी अकोल्याला जायला लागले. हार ओवायच्या खोलीत पाकळ्या झाडून आम्ही चार कागद जोडलेला नकाशा पसरायचो. तिथल्या गावांची नावं दादाच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यानं पेनानं आपल्याच अकोला-अमरावती रस्त्यावरची नावं लिहिली. पहिला मुक्काम बोरगाव, मग मूर्तिजापूर, मग बडनेरा, आणि जिथं जमीन संपून समुद्र लागतो ते उत्तरेचं टोक म्हणजे अमरावती. रोज पहाटे चारला गाडी काढायची, असंही त्यानं कोपऱ्यात लिहून ठेवलं.

“अरे, तिथं कशाला चारला? तिथं ऊन तापत नाही,” मी म्हटलं.

“उन्हाच्या आंधी निघायचं म्हंजे निघायचं. तू मले नको शिकवू.”

त्याची एकच अट होती. एवढ्या लांबच्या रस्त्याला एक ड्रायव्हर पुरत नाही, तेव्हा मी गाडी शिकायची. बावन्नाव्या वर्षी, जन्मभर स्कूटी चालवलेली मी, मळ्यामागच्या पडीक मैदानात दादाशेजारी स्टिअरिंग धरून बसले. गाडी दर दहा फुटांवर बंद पडायची. “क्लच हळूहळू सोड वं बाई, म्हैस हाकलून राह्यली का?” असं तो ओरडायचा आणि स्वतःच हसत सुटायचा. त्याला इतका हसताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत त्याचं पोट दुखायला लागलं. नागपूरला तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी दादाला वजन करायला बाहेर पाठवलं आणि वहिनीला न् मला बसवून घेतलं. सात-आठ महिने, ते म्हणाले. पहिले चार-पाच महिने ते हिंडतील-फिरतील. त्यांची काही इच्छा असेल तर तेवढ्यात उरकून घ्या.

बाहेर येताच वहिनी म्हणाली, “लिवरले सूज हाय, असं सांगू.”

मी मान डोलावली. आमच्याकडे हे असंच करतात. त्या आजाराचं नाव घरात घ्यायचं नाही आणि ज्याला झाला त्याला तर कळूच द्यायचं नाही. आमच्या बाबांच्या वेळी हे दादानंच ठरवलं होतं. बाबांना अल्सर सांगितला होता. शेवटच्या आठवड्यापर्यंत बाबा दसऱ्याच्या झेंडूची रोपं लावा म्हणून आमच्यावर खेकसत होते, आणि लोक म्हणाले, किती सुखानं गेला माणूस. तेव्हा मलाही ते पटलं होतं. दादाचे सगळे रिपोर्ट ज्या फाइलीत होते ती मी अमरावतीला माझ्या कपाटात नेऊन ठेवली. तिच्यावर इंग्रजीत ठळक अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं आणि दादा बारावी शिकलेला होता.

मेमध्ये माझी ड्रायव्हिंगची टेस्ट झाली. चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढे न्यायची होती. ती मागे घसरत गेली ती खांबाला टेकूनच थांबली. मी नापास.

मी दादाच्या घरी आले तेव्हा तो जेवत होता. चिडला नाही. शांतपणे म्हणाला, “यंदाचं राहू दे. जून गेला तं मंग अंधार सुरू होते. पुढच्या जूनमदी जाऊ. तवरिक तुया हात बसते.”

मी तोंड उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. पुढचा जून नाही रे दादा, एवढंच म्हणायचं होतं. दारात वहिनी उभी होती, हातात भाकर, आणि ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, “बरं.”

व्हिसा, विमा, औषधं, हजार अडचणी आल्या असत्या, हे मला कळतं. डॉक्टरच नको म्हणाले असते कदाचित. पण त्या अडचणी त्याच्या होत्या. त्यानं त्या पाहिल्या असत्या आणि काय ते ठरवलं असतं. मी त्याला ठरवूच दिलं नाही.

जूनमध्ये तो ठणठणीत होता. त्यानं स्वतः रोपं लावली, क्रेट उचलले, संध्याकाळी मला मैदानात नेऊन चढ शिकवला. जुलैत शर्ट ढगळ झाले. ऑगस्टमध्ये डोळे पिवळे पडले. मी दुसऱ्यांदा टेस्ट दिली, पास झाले, आणि महिनाअखेरीला लायसन्सचं कार्ड पोस्टानं घरी आलं. सोमवारी दादाला नागपूरला दाखवायचं होतं म्हणून मी शनिवारीच अकोल्याला गेले. दुपारची वेळ होती. वहिनी चूल बघत होती, दादा खाटेवर पडला होता. मला इतका आनंद झाला होता की दारातूनच म्हणाले, “दादा, लायसन्स आलं! पिशवीत आहे, घे.” आणि हातपाय धुवायला मोरीवर गेले.

परत आले तर त्याच्या एका हातात लायसन्स होतं आणि मांडीवर फाइल. नागपूरसाठी ती मीच त्या पिशवीत घातली होती.

“कवापासून माहीत हाय तुमाले?”

“फेब्रुवारीपासून.”

त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत गेला. मार्च, एप्रिल, मे. मग थांबला.

“जूनमदी मी चांगला होतो ना वं?”

“हो.”

“गाडी चालवत होतो.”

“हो दादा.”

“मंग पुढच्या सालचं मले काहून बोलू देल्लं?”

मी रडायला लागले. त्यानं थोडा वेळ रडू दिलं. स्वयंपाकघरात भांडं वाजलं तशी त्यानं फाइल पिशवीत सरकवली, पिशवी माझ्याकडे ढकलली आणि हळू आवाजात म्हणाला, “डोळे पूस. तिले सांगू नको मले समजलं म्हणून. तिच्यानं सहन होनार नाई.”

वहिनी चहा घेऊन आली तेव्हा तो लायसन्सवरच्या माझ्या फोटोला हसत होता.

पुढचे पाच आठवडे तो तिच्यासमोर रोज नॉर्वे काढायचा. पुढच्या जूनमदी असं करू, तसं करू, गाडीत ठेचा किती न्यायचा, पापड किती. वहिनी माझ्याकडे बघून डोळे टिपायची. तिला वाटायचं, याला काहीच ठाऊक नाही. दसऱ्याच्या आधी, झेंडू तोडणीला आलेला असताना, तो गेला.

आता मी अमरावतीहून अकोल्याला स्वतः गाडी चालवत जाते. वहिनीकडे अजूनही कुणी ना कुणी येऊन बसलेलं असतं. ती सगळ्यांना एकच सांगते, “त्याइले अखेरवरी काही समजू देल्लं नाई आमी. पुढच्या सालचं ठरवत ठरवतच गेले.” मग दुजोऱ्यासाठी माझ्याकडे बघते.

मी हो म्हणते.