मखमली पडद्यांची जीप

आमची जीप घेतली तेव्हा ती जीपसारखी दिसत होती. हा दोष मी पुढच्या दिवाळीच्या आत दूर केला.

जीप मूळची चिखल्याच्या मँगनीज खाणीवर माणसं वाहणाऱ्या एका ठेकेदाराची. पवनीत आमचा तांदळाचा व्यापार. गावोगाव धान पाहत फिरायला बाबांना वाहन हवं होतं आणि चारचौघांत मिरवायला मला, म्हणून बापलेकांचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं. पण त्या जीपच्या सीटमध्ये खाणीची काळी भुकटी इतकी मुरली होती, की बसलेला माणूस उठला की त्याच्या मागच्या बाजूला सीटचा छापा उमटलेला असे. बाबा पहिल्याच फेरीत पांढरंशुभ्र धोतर नेसून भंडाऱ्याच्या बाजारात दिवसभर फिरले, आणि आज सगळे आपल्याकडे मागूनच का पाहतात, याचा घरी येईपर्यंत विचार करत राहिले. घरी आल्यावर आईने कारण सांगितलं. "सीटकव्हर लाव," एवढंच बाबा मला म्हणाले. पुढचं सगळं माझं.

नागपूरच्या सीटवाल्याने मला काळं रेक्झिन दाखवलं, तपकिरी दाखवलं. मी नाक मुरडलं. मग त्याने माझ्याकडे एकवार नीट पाहिलं, आतून लालभडक मखमलीचा एक तागा आणला आणि म्हणाला, "साहब, ये सिर्फ आप पे जचेगा." मला त्याआधी कोणी साहेब म्हटलं नव्हतं. (नंतरही म्हटलं नाही.) मखमल घेतली.

आता मखमलीवर धूळ बसते. म्हणून पडदे आले. पडदे साधे कसे चालतील, म्हणून तेही लाल मखमलीचेच, खाली सोनेरी झालर लावून. पडदे ओढले की आत अंधार होतो, म्हणून रंगीत बल्ब आले. बल्बांच्या उजेडात डॅशबोर्ड उघडाबोडका दिसायला लागला, तर आईने तिथे देव बसवला आणि देवाभोवती लुकलुकत्या दिव्यांची माळ लावायला लावली. "देवाले अंधारात कायले ठेवतं?" असं ती म्हणाली. बाबांनी धानाची पोती ठेवायला टपावर लोखंडी कॅरिअर ठोकून घेतलं. मी सात सुरांचा हॉर्न बसवला. मग कॅसेट प्लेअर आणि सनईची कॅसेट. पण इंजिनाच्या आवाजात कॅसेट ऐकूच येईना, म्हणून मंडपवाल्याकडून लाउडस्पीकरचा जुना भोंगा आणून कॅरिअरवर बांधला. त्याने एवढं झालं, की रस्त्यावरच्या लोकांना सनई स्वच्छ ऐकू येऊ लागली. आम्हाला आत काहीच ऐकू येत नव्हतं ते नव्हतंच.

याच भानगडीत माझं लग्न ठरलं. मुलगी एकोडीची, सुमन. साकोलीला माझ्या मामाच्या घरी आम्ही तिला पाहिलं आणि मी तिथेच गार झालो. तिने चहाचा कप माझ्या हातात देताना हळूच विचारलं होतं, "साखर कमी नाई ना?" कपात साखर अजिबातच नव्हती आणि मी "एकदम बरोबर हाय" म्हणालो. पुढे आठवडाभर मी घरीही बिनसाखरेचाच चहा पीत होतो, यावरून काय ते समजा.

अडचण एकच होती, तिचे वडील. दयारामजी. धानाची उत्तम शेती, बोलणं मोजकं आणि एका बाबतीत पक्के हटवादी. त्यांच्या धाकट्या भावाने नाटकाच्या नादापायी बैलजोडी विकली आणि तो जो नाटक कंपनीबरोबर गेला तो गेलाच. तेव्हापासून दयारामजींनी गावातल्या नाटकाच्या मंडपात पाऊल टाकलं नव्हतं. मामाने स्थळ नेलं तेव्हा त्यांनी घर विचारलं नाही, शेती विचारली नाही. विचारलं ते एवढंच, "पोट्टा नाटकात तर नाई ना?" मामाने देवाची शपथ घेतली. "दारू सुटते, मामाजी," ते म्हणाले, "नाटक सुटत नाई."

ते मला पाहायला पवनीला आलेही होते. पण त्या दिवशी मी नागपूरला पडद्यांची झालर निवडत होतो. त्यांनी आमचं दुकान पाहिलं, बाबांना पाहिलं, माझा फोटो पाहिला आणि मामाच्या भरवशावर होकार दिला. म्हणजे प्रत्यक्षात आम्ही एकमेकांना पाहणार होतो ते साक्षगंधालाच. (पुण्या-मुंबईकडे याला साखरपुडा म्हणतात.)

साक्षगंध एकोडीच्या मंडईच्या दिवशी ठरलं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते. दिवसा दंडारीचा नाचगाण्यांचा खेळ, रात्री नाटक. लेकीबाळी, सोयरेधायरे सगळे आयतेच गावात जमलेले असतात, म्हणून सोयरिकीही मंडईच्या निमित्तानेच उरकून घेतात. मामा आदल्या दिवशीच पुढे गेला होता. आई, बाबा आणि मी जीपने निघालो. टपावर साड्यांची आणि लाडवांची अशा दोन मोठ्या पेट्या, त्यांच्या मध्ये भोंगा.

साकोलीच्या अलीकडे बॅटरी उतरली. हॉर्न, बल्ब, देवाची माळ, सनई, एवढ्यांना जगवता जगवता ती बिचारी थकली. नवरदेवाने जीप ढकलली. घाम पुसून आईने माझ्या तोंडाला पावडर लावली. थोड्या वेळाने जीप पुन्हा बंद पडली, पुन्हा ढकलली, पुन्हा पावडर. एकोडीच्या शिवेवर पोचलो तेव्हा माझ्या चेहऱ्यावर पावडरचे इतके थर होते, की हसलो असतो तर तडे गेले असते.

शिवेवर छातीला बिल्ले लावलेले दहाबारा जण ढोलकीसह उभे होते. जीप दिसताच त्यांनी "आले, आले" असा गलका केला. मी काच नसलेल्या खिडकीतून डोकं काढून विचारलं, इकडेच यायचं ना? एक जण म्हणाला, "तुमचीच तं वाट पाहून राहिलो. कवापासून उभे हावो." आमच्या गळ्यात झेंडूचे हार पडले. पुढे ढोलकी, मागे पोरांची झुंबड, मध्ये सनई वाजवत आमची जीप. बाबा सीटवर सरसावून बसले. "पाह्य," ते म्हणाले, "याले म्हणते मान." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या पडद्यांचं कौतुक केलं.

आम्हाला शाळेच्या व्हरांड्यात उतरवलं. जानवसा म्हणून शाळा ही रीतच आहे, तेव्हा त्यातही काही खटकलं नाही. चहा आला, पोहे आले. पेट्या चारचार जणांनी अलगद उतरवून आत नेल्या. एका स्वयंसेवकाने बाबांना फार अदबीने विचारलं, मिशा खऱ्या आहेत का? बाबांनी त्या ओढून दाखवल्या. दुसऱ्याने आईला नमस्कार केला. "मावशी, तुमी आईचं काम करता का जी?" आई पोह्यातला दाणा चावत म्हणाली, "जलमभर तेच करून राहिली, बापू." तो भारावून गेला. मुलीकडची माणसं जरा विचित्र आहेत, पण मायाळू आहेत, असं आम्ही तिघांनी आपापसात ठरवलं.

मग आम्हाला मंडईच्या मैदानात नेलं. समोर शेताच्या धुऱ्यापर्यंत माणसं बसलेली. दंडार थांबवून मंडई भरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी माइकवरून पाहुण्यांना सत्कारासाठी रंगमंचावर बोलावलं. बाबा नको नको म्हणत खालीच थांबले. मला असं नको म्हणता येत नाही. मी वर गेलो, शालनारळ घेतला आणि दोन शब्द बोला म्हटल्यावर पुष्कळ बोललो. या गावाशी माझं नातं आता जन्माचं जडलं, या गावाची लक्ष्मी मी माझ्या घरी नेणार आहे, वगैरे. अध्यक्ष जरा बुचकळ्यात पडले. पण टाळ्या कडाडल्या.

त्याच वेळी गर्दीतून वाट काढत एक उंच, पांढऱ्या फेट्याचे गृहस्थ रंगमंचावर चढले. चेहरा असा, की जणू शेणात पाय पडला आहे. मागोमाग आमचा मामा. मामाने मला पाहिलं, माझ्या गळ्यातला हार पाहिला, पावडर पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. ते गृहस्थ माझ्याकडे न पाहता सरळ माइकपाशी गेले. "मी दयाराम," ते म्हणाले. "माह्या पोरीचं साक्षगंध हाय. पवनीचे पाहुणे सकाळपासून आले नाईत. कोणाले दिसले असन तं घरी पाठवा."

आम्हाला कोण समजून कुठे आणलं आहे, ते मला त्या क्षणी कळलं. लाल मखमली पडदे, सोनेरी झालर, भोंगा, पेट्या, पडद्याआडच्या बाई आणि रंगवलेल्या तोंडाचा मी! गावाने आम्हाला रात्रीच्या नाटकाची बाहेरगावची मंडळी म्हणून वाजतगाजत आणलं होतं. आणि नाटकवाल्याला मुलगी न देणाऱ्या माणसाशेजारी मी नाटकाच्या माइकसमोर उभा होतो.

मी शाळेत पोर बोट वर करतं तसं बोट वर केलं. "मीच तो, जी."

दयारामजी वळले. त्यांनी मला हारापासून चपलांपर्यंत पाहिलं. "तुमी नाटकात काम करता?"

मैदानात हशा पिकला. लोकांना वाटलं, नाटकाचा नमुना दाखवत आहेत! माइक चालूच होता.

"नाई जी. मी तांदूळ विकतो."

पुन्हा हशा.

"मंग हे थोबाडावर काय हाय?"

"आईनं लावली."

शिट्ट्या सुरू झाल्या. खालून आई ओरडून सांगत होती की खरंच मीच लावली, पण गर्दीला तोही नाटकाचाच भाग वाटला. मी पडद्यांचं सांगायला गेलो, की ते जीपचे आहेत, धुळीसाठी आहेत, झालर तेवढी हौसेची आहे. एकेका वाक्याला लोक लोटपोट होत होते. इतकं खरं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो, आणि इतकं कोणी हसलंही नव्हतं.

दयारामजींचा चेहरा लाल झाला. ते मामाकडे वळले आणि माइकमधून सगळ्या एकोडीला ऐकू गेलं, "नाटकवाल्याले मी पोट्टी देत नाई!"

यावर जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तसा त्या मैदानाने कधी ऐकला नसेल. आमच्याकडे काम आवडलं की प्रेक्षक बक्षीस देतात आणि ते माइकवरून पुकारतात. अध्यक्ष धावत आले. "दयारामजीच्या कामावर खुश होऊन गावकऱ्याकडून हे बक्षीस," असं म्हणत त्यांनी एक नोट दयारामजींच्या फेट्यात खोचली. दयारामजींनी ती काढून हातात घेतली. उलटीसुलटी पाहिली. मग समोर पाहिलं. धुऱ्यापर्यंत माणसं त्यांच्याकडे पाहून टाळ्या वाजवत होती. मला वाटतं, त्या माणसासाठी जन्मात पहिल्यांदाच कोणी टाळ्या वाजवल्या असाव्यात.

पण मला तेव्हा हे सुचत नव्हतं. मला फक्त एवढंच दिसत होतं की सुमन गेली. मी हार काढला, शालीने तोंड पुसलं आणि हात जोडले. "मले नाटक येत नाई, जी. येत असतं तं असा उभा राहिलो असतो का? जीप सजवाची हौस होती, ते माही चूक. परदे आत्ता फाडून फेकतो. पण तुमची पोरगी मले खरंच पसंत हाय. तिच्या हातचा बिनसाखरेचा चहा मी गोड मानून पेलो."

या वेळी कोणी हसलं नाही. एक बाई डोळ्यांना पदर लावत होती. आणि तेवढ्यात खरी नाटक मंडळी येऊन पोचली, ताडपत्रीच्या साध्या जीपमधून. स्वयंसेवकांनी त्यांना शिवेवरच हटकलं होतं, की गाडी बाजूला लावा, नाटकवाले कधीचे आत आहेत. आता त्यांचा मॅनेजर तणतणत मंडपात शिरला आणि आमची जागा कोणी बळकावली म्हणून विचारू लागला. मी त्याला मिठी मारायचंच बाकी ठेवलं.

मामाने दयारामजींच्या कानाशी लागून सगळा उलगडा केला. त्यांनी हातातली नोट घडी करून खिशात ठेवली. मग त्यांनी फेटा नीट केला, माइक आपल्याकडे ओढला, एक हात वर उचलला, आणि मला उत्तर देताना माझ्याकडे नव्हे, तर प्रेक्षकांकडे पाहून खणखणीत आवाजात म्हणाले, "देली! पोट्टी देली!"

त्यांना दुसरं बक्षीस मिळालं.

साक्षगंध तिन्हीसांजेला झालं. सुमनने हळूच सांगितलं, की मंडईचा एक भोंगा त्यांच्याच घराकडे तोंड करून बांधला होता. चहाचं वाक्य तिने आणि तिच्या सगळ्या मावश्यांनी चुलीपाशी बसून ऐकलं होतं.

पडदे मी फाडले नाहीत. दयारामजींनी फाडू दिले नाहीत. पुढच्याच मंडईला त्यांनी गावच्या नाटकात मुलीच्या बापाचं काम केलं, त्याच्या पुढच्या वर्षीही केलं, आणि मग त्यांना आजूबाजूच्या गावांहून बोलावणी येऊ लागली. दारू सुटते म्हणायचे, ती त्यांनी कधी घेतलीच नव्हती. दर दिवाळीनंतर आमची जीप त्यांच्या सेवेत असते. ते मागे मखमलीवर तोंड रंगवून बसतात आणि पुढे मी गाडी चालवतो, बंद पडली की ढकलतो.

एकदा त्यांच्या नाटकात जावयाचं काम करणारा तापाने आडवा झाला. मी मोठ्या आशेने म्हटलं, मी करू का? त्यांनी मला हारापासून नसलं, तरी टोपीपासून चपलांपर्यंत पुन्हा एकदा पाहिलं आणि मान हलवली.

"नोका, बापू," ते म्हणाले. "तुमी जवाई वाटत नाई."