व्हर्नाची म्हातारी

व्हर्ना स्टकीसारखी तोंडाळ बाई हॉलिवूडजवळच्या अख्ख्या बरबँकमध्ये नव्हती, आणि सिनेमातल्या राक्षसांची कातडी तिच्यासारखी बनवणारीही दुसरी नव्हती. मी शेजारच्या टेबलावर कपडे शिवायचे. ती रबर ओतायची, रंगवायची, एकेक केस सुईनं टोचून बसवायची. कुणी घाई केली की म्हणायची, "मग चादर टाक त्याच्या अंगावर आणि कर शूटिंग."

अंतराळातल्या एका सिनेमाचा पहिला भाग तिच्या जनावरानंच तारला होता. दुसऱ्या भागात स्टुडिओनं पैसा पाण्यासारखा ओतला. व्हर्नानं तेच जनावर वय झालेलं बनवलं, म्हणून आम्ही त्याला म्हातारी म्हणायचो. खाली बसून दोघं दोऱ्या ओढायचे आणि म्हातारीचं पोट श्वासानं वरखाली व्हायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्क मागे सरकले.

मग कुठल्याशा मॉलमध्ये फुकट्या प्रेक्षकांना अर्धाकच्चा सिनेमा दाखवला. त्यांना तो लांबलेला वाटला. लांबला तर कापायचा ना? ते राहिलं बाजूला, आणि म्हातारीच काढून टाकली. तिच्या जागी कॉम्प्युटरवरचं गुळगुळीत जनावर आलं. ते करणाऱ्या पोरांनाही बिचाऱ्यांना धड वेळ दिला नाही.

सिनेमा आपटला. जनावर निर्जीव आहे, श्वाससुद्धा घेत नाही, असं समीक्षकांनी लिहिलं. आणि स्टुडिओचे बडे साहेब पेपरात काय म्हणाले? "जुन्या रबरी कारागिरीवर विसंबलो, तिथंच चुकलं." नाचता येईना अंगण वाकडं! पण वाचणाऱ्यांना काय कळणार? दोन वर्कशॉपनी व्हर्नाला ठरलेली कामं नाकारली. माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. अजूनही होते.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. सिनेमा कसाही असो, शेवटची सगळी नावं सरकून जाईपर्यंत आपल्या माणसांनी उठायचं नाही, आणि ओळखीचं नाव आलं की टाळ्या वाजवायच्या. रविवारी दुपारी आम्ही सगळे गेलो. थेटरात आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं.

दारातच आमचा रंगारी मिल्टन तिला म्हणाला, "सिनेमा टीव्हीवर यायच्या आत नाव काढून घे, व्हर्ना. दिग्दर्शकानंसुद्धा काढलंय."

"त्याचं तो बघेल. मला आधी बघू दे, म्हातारी कुठं उरलीय का. एखादा पाय जरी दिसला तरी नाव राहू दे."

सबंध सिनेमाभर ती पुढे वाकून बसली होती. पाय दिसला नाही, नखही दिसलं नाही. मग नावं सुरू झाली आणि मोठ्या अक्षरांत आलं: 'जनावर – व्हर्ना स्टकी'. आम्ही टाळ्यांचा कडकडाट केला. साहेबांवरचा सगळा राग त्या टाळ्यांत होता.

व्हर्ना उठून उभी राहिली.

"बंद करा रे," ती म्हणाली. "हे माझं नाही. माझी श्वास घ्यायची."

आमचे हात तिथल्या तिथं थांबले. नाव मुकाट्यानं वर सरकत गेलं आणि दिसेनासं झालं. कुणी तिच्याकडे बघेना.

ती खाली बसली. पडद्यावर ड्रायव्हरांची नावं आली, तशी तिनंच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. गाड्या तरी त्यांनी खरोखर चालवल्या होत्या.