ठेवणीतली काडतुसं

स्वस्तातली पोलादी काडतुसं सरावाला चालतात का, असं मला कुणी विचारलं तर उत्तर एकच : चालतात. उत्तम चालतात. हे मी आजही कुणाच्याही नाकावर टिच्चून सांगेन. पण दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात हे सिद्ध करायच्या नादात मी जे करून बसले, ते आठवलं की अजून डोकं फिरतं. आणि सगळा दोष त्या म्हाताऱ्याच्या माथी मारता येत नाही, याचा राग वेगळाच.

आम्ही आयर्लंडमध्ये, नास गावी राहतो. माझं ऑफिस ग्रँड कॅनाल डॉकला, पण आदल्या वर्षीच्या मार्चपासून ते आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसलं होतं. त्याच्या थोडं आधी मी जवळच्या रायफल क्लबात नाव घातलं होतं. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत माझा नेम चांगला होता, आणि इतक्या वर्षांनी हात पुन्हा शिवशिवायला लागले होते. इथे बंदूक बाळगणं सोपं नाही. भिंतीला बोल्टने ठोकलेलं लोखंडी कपाट लागतं, गार्डा म्हणजे इथले पोलीस घरी येऊन ते बघून जातात, एका वेळी किती काडतुसं ठेवायची तेही परवान्यावर लिहिलेलं असतं. नवरा म्हणाला, "अगं, लोक लॉकडाऊनमध्ये बागकाम करतात." मी बागकाम केलं नाही.

क्लबाने माझा फोटो मात्र लगेच फलकावर लावला. नव्या सभासद, भारतातून आलेल्या, वगैरे. ख्रिसमसच्या चहाला "ते तुमचे तिखट समोसे" आणायची फर्माईशही पहिल्याच वर्षी झाली. पण स्पर्धेचा संघ निवडताना माझ्याकडे कुणी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. मला फोटोतली बाई व्हायचं नव्हतं. मला संघात जायचं होतं. संघ तिघांचा. त्यातला एक जण वॉटरफोर्डला राहायला गेला आणि एकवीसच्या उन्हाळ्यात, सगळं पुन्हा उघडल्यावर, ती एक जागा रिकामी झाली. तिच्यासाठी आम्ही दोघंच होतो : मी आणि एक दंतवैद्य.

त्या काळात दुकानात पितळी काडतुसं मिळायची मारामार होती. पोलादी मिळायची, राखाडी रंगाची, ओबडधोबड दिसणारी. त्यांनी नळीमागच्या खोबणीत काजळी जास्त धरते, रिकामी पुंगळी कधी कधी अडकते, आणि पितळी काडतुसाइतकी गोळी एका जागी बसत नाही. मान्य. म्हणून मी दर खेपेला रायफल घासूनपुसून ठेवायचे. शंभर मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायला याहून जास्त काय हवं? दुकानदाराने एकदा चांगल्या पितळी काडतुसांचे दोन डबे राखून ठेवले, ते मी घेतले आणि कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात सारले. निवडीच्या दिवसासाठी, आणि तसं क्लबात सगळ्यांना सांगूनही ठेवलं. आमच्याकडे चांगल्या गोष्टीचं हेच करतात. नवी चादर पाहुणे आल्यावर, चांगले कप हळदीकुंकवाला, भारीतली साडी लग्नाला. रोज वापरायला जुनंपानं आहेच की. ठेवणीतली वस्तू आधी वापरून बघायची, हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

आता तो म्हातारा. तो रेंजवर हुकूम द्यायचा : गोळी भरा, चालवा, थांबा. पहिल्या दिवशी माझा डबा बघून त्याने खिशातून फ्रिजवरचं चुंबक काढलं आणि सगळ्यांसमोर माझ्या काडतुसांना लावलं. चिकटलं; पितळेला चिकटत नाही. नियमात बंदी नव्हती, गोळ्या अडवायला समोर वाळूचा बांध होता, कुणाला काही धोका नव्हता. तरी हा म्हणतो, "आवाज काढायला ग्रँड आहेत." ग्रँड म्हणजे इथे नुसतं ठीक. "तिकडे तुमच्याकडे चालत असतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिकडे आमच्याकडे! तिकडे आम्हाला हातावर मोजून पाच काडतुसं मिळायची, आणि पुंगळ्या पाचच्या पाच परत केल्याशिवाय कुणाला मैदान सोडता यायचं नाही. एक हरवली तर अख्खी तुकडी गवतात रांगायची. हा मला काडतुसाची किंमत शिकवणार?

मग दर शनिवारी तेच. चुंबक नाही तर टोमणा. दंतवैद्याला मी ऐकेन अशा बेताने सांगायचा की अशा मालाने चांगली रायफल वाया जाते. घरी आले की नवरा विचारायचा, "काय म्हणाला आज युवर मॅन?" ज्याचं नाव तोंडावर आणायचं नसतं, त्याला इथे असंच म्हणतात. मी भांडी आपटत सांगायचे.

मी हट्टाला पेटले. रायफलवरच्या दुर्बिणीचे स्क्रू पाव पाव वळसा फिरवत त्या राखाडी काडतुसांवर नेम बसवला. जुलैअखेर माझ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत, बरोबर मध्यावर पडायला लागल्या. एका शनिवारी म्हाताऱ्याने मोठ्या दुर्बिणीतून माझं लक्ष्य बराच वेळ न्याहाळलं आणि नुसतं "हं" म्हणाला. मला काय आनंद झाला! मग तो म्हणाला, "निवडीच्या आधी ती चांगली पितळी दहा-बारा मारून बघ."

मला त्यात नेहमीचा टोमणाच ऐकू आला. म्हणजे अजूनही माझी काडतुसं वाईटच! मी "थँक यू" म्हटलं, पण त्या थँक यूचा अर्थ कुणालाही कळला असता. ठेवणीतल्या चाळिसातलं एकसुद्धा मी हाताळलं नाही.

एनसीसीत सगळ्यांना एकाच पेटीतली काडतुसं मिळायची. काडतूस बदललं की गोळी दुसरीकडे लागते, रायफल पुन्हा बसवावी लागते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. जो शिकवत होता त्याचं मी ऐकलं नाही.

निवडीला आमच्या क्लबात चाचणीच्या गोळ्या नसतात. वीस मारायच्या आणि लक्ष्याचं कार्ड हातात आल्यावरच बघायचं. त्या दिवशी मी ठेवणीतला पितळी काडतुसांचा डबा फोडला. काळ्या वर्तुळातली भोकं माझ्या दुर्बिणीतून दिसत नव्हती. श्वास, हात, सगळं जसं हवं तसं होतं. उठले तेव्हा मनात मी संघात गेलेली होते.

कार्ड आलं. वीसच्या वीस भोकं एकमेकांना खेटून, वाटीत मावतील इतकी जवळ. आणि तो अख्खा झुबका खाली, डावीकडे, मध्यापासून चांगला लांब. दंतवैद्याच्या गोळ्या कार्डभर उधळल्या होत्या, पण मध्याच्या आजूबाजूला. जागा त्याला मिळाली.

मला रडू येत होतं, आणि मला रडू आलं की मी भांडते. सगळ्यांच्या देखत मी कार्ड टेबलावर आपटलं आणि म्हणाले, "या स्वस्तातल्या काडतुसांनी घात केला. त्यांच्यावर सराव केला तिथेच चुकलं. भंगार आहेत नुसती."

हे मी म्हणाले. अख्खा उन्हाळा ज्यांच्यासाठी भांडले, त्यांना.

म्हाताऱ्याने माझं कार्ड उचललं, मास्कच्या वर चष्मा सारखा केला आणि त्या झुबक्याकडे पाहत राहिला.

"त्या काडतुसांत काही खोट नव्हती," तो म्हणाला. "त्यांनी तू इथल्या सगळ्यांपेक्षा चांगली मारत होतीस."

मी वाट पाहिली. मी तुला सांगितलं होतं, एवढं तरी तो म्हणेल. म्हणाला असता तर मला भांडता आलं असतं. तो कार्ड माझ्या हातात देऊन पुंगळ्या वेचायला गेला.